मावशी, हसू नका

मी अकरावीत होते. संस्थेची माणसं आमच्या घरी आली. त्यांनी आईला साडी बदलायला सांगितलं. आईनं ती बदलली.

झालं ते एवढंच. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. आमच्या गावात याहून वाईट गोष्टी रोज होतात आणि संध्याकाळपर्यंत विसरल्या जातात. ही विसरता आली नाही.

आमचं गाव आटपाडीच्या पुढे, माळावर. इकडची पुष्कळ माणसं गलाईच्या कामाला जातात. लांबच्या शहरांत सोनारांचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, ते हे काम. जे मालक होतात ते गावी येऊन बंगले बांधतात. माझे वडील, अण्णा, मालक झाले नाहीत. ते दुसऱ्याच्या भट्टीवर राबले. ॲसिडच्या धुरानं छाती गेली. घरी आले ते खोकतच आले, आणि पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

आईनं डाळिंबाच्या बागांत मजुरी धरली. डाळिंबाला काटे असतात. तिच्या हातांवर बारीक काळ्या रेघा कायम असायच्या. मजुरीवरून आली की ती लोकांच्या वाकळा शिवायची. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर लावून टाक्यांनी जोडायची. तिच्या टाक्याला गावात मान होता. वाकळ घेऊन आलेल्या माणसाला ती चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. काम देणारा मोठा आणि घेणारा लहान, असं तिच्या डोक्यात कधी नव्हतंच. दारात आला तो पाहुणा.

पुढचं सगळं याच समजुतीतून झालं.

सांगलीची एक संस्था आमच्या भागातल्या मुलांना मदत करायची. एका मुलाला एक दाता, असं ते लावून देत. दाता फी भरणार, वसतिगृहाचा खर्च बघणार. शाळेनं माझं नाव सुचवलं होतं. बारावीनंतर सांगलीला शिकायला जायचं तर दुसरी वाट नव्हती. ती मिळाली नाही तर मला काय करावं लागेल ते घरात कुणी बोलत नव्हतं, पण आत्यानं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मला ते माहीत होतं, आईलाही माहीत होतं.

संस्थेचा निरोप आला. दात्या मॅडम स्वतः घर बघायला येणार, सोबत संस्थेचे सर आणि फोटो काढणारा.

आईनं त्या दिवशी मजुरी मोडली. घर सारवलं. फळीवरची पितळी भांडी चिंच आणि राखेनं घासली. ती तिच्या माहेरची होती, दोन घागरी, एक परात, तांब्ये. उन्हाची तिरीप आत आली की घर उजळायचं. देवळातून खुर्च्या आणल्या. शेजारच्या शेवंताकाकीकडून बशा आणल्या आणि तिचीच एक निळी साडीही मागून आणली, बारीक काठाची. काकी म्हणाली, "वैनी, सून बघाय येत्यात व्हय गं?" आई म्हणाली, "पोरीचं कल्याण कराय येत्यात. त्यांच्या म्होरं फाटकं नेसून हुबी ऱ्हाऊ व्हय?"

आणि तिनं शिरा केला. रवा घरात होता, तूप काकीचं.

गाडी आली. मॅडम आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि घरभर बघितलं. फळीकडे बघितलं. आईच्या साडीकडे बघितलं. मग सरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा वाईट नव्हता. गोंधळलेला होता. आई बशी पुढे घेऊन गेली तेव्हा त्यांनी हात आडवा केला. "नको, नको. तुमच्या मुलांच्या तोंडचं आम्ही कशाला खायचं?"

आई बशी धरून तशीच उभी राहिली. आमच्याकडे आलेल्या माणसानं पाणीसुद्धा घेतलं नाही तर त्याचा अर्थ एकच होतो, त्यानं ते घर हलकं मानलं. मॅडमना तो ठाऊक नव्हता. त्यांना वाटलं आपण दया केली.

मॅडम उठून बाहेर गेल्या, गाडीत जाऊन बसल्या. सर मागे राहिले. गोरे, चष्मा लावलेले, मृदू बोलणारे. आईला म्हणाले, "ताई, असं कसं केलंत? मॅडमना वाटतंय, तुमचं बरं चाललंय."

"बरंच चाललंय की."

"तसं नाही. गरज आहे की नाही?"

"गरज हाय. म्हणून तर तुमी आलासा."

"मग ती दिसली पाहिजे. लोक फोटो बघून देतात, ताई. मी तुमच्या मुलीच्या भल्यासाठीच सांगतोय. रोज नेसता ती साडी नेसा. ही भांडी जरा बाहेर काढू."

आईनं हातातली बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. मी तेव्हा काय म्हणाले असते कुणास ठाऊक. पण तिनं मला विचारलंच नाही. ती पडद्याआड गेली.

भांडी मी बाहेर काढली. सरांनी मला सांगितलं, "बाळ, तेवढं उचल." मी घागरी उचलल्या. मागच्या दारी नेऊन ठेवल्या. परात नेली. तांब्ये नेले. घासलेल्या पितळेत तोंड दिसतं. मी बघायचं टाळलं. माझा भाऊ बाबू तेव्हा पाचवी-सहावीत असेल. तो खुर्च्या बाहेर काढायला लागला, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. त्याला गंमत वाटत होती.

आई बाहेर आली. मजुरीची साडी. खांद्यावर काट्यानं ओढलेली, तिनंच शिवलेली. फोटोवाल्यानं तिला रिकाम्या फळीखाली बसवलं. मला तिच्या शेजारी. तो म्हणाला, "पदर जरा सरकवा, फाटलेलं दिसू द्या." तिनं सरकवला. मग तो थांबला. कॅमेऱ्यामागून डोकं काढून म्हणाला, "मावशी, हसू नका."

आई हसत नव्हती. तिचा चेहराच तसा होता. पाहुण्यांसमोर तिच्या ओठांना एक वळण यायचं, ते तिचं तिला कळत नसे. ते कसं काढून टाकावं हे तिला समजेना. तिनं ओठ मिटले. मग जास्त मिटले. मग खाली बघितलं.

"हां. असंच."

माणसं गेली. मी मागच्या दारी गेले आणि भांडी आत आणली. आईनं काकीची साडी घडी करून परत दिली. शिरा तसाच होता. बाबूला आणि मला तिनं वाढला. आम्ही तो खाल्ला. बाबूनं परत मागितला. मीही परत मागितला. तो फार गोड होता. त्या दिवसातलं जे आठवलं की आजही माझी मान खाली जाते ते हे आहे. आई वाढत राहिली, स्वतः खाल्ला नाही.

मदत मिळाली. हे मी लपवणार नाही. फी वेळेवर भरली गेली. वसतिगृहात खाट मिळाली. आत्यानं बघितलेलं स्थळ दुसरीकडे गेलं. मॅडम दर वर्षी मला ड्रेसचं कापड पाठवायच्या, चांगलं असायचं. त्या वाईट बाई नव्हत्या. एखादा माणूस वाईट निघाला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी सांगलीला गेले त्या वर्षी संस्थेनं कॅलेंडर काढलं. एका पानावर आई होती. मी पण होते, पण मला अर्धं कापलं होतं, त्यामुळे मी ओळखू येत नव्हते. आई ओळखू येत होती. ते कॅलेंडर सांगलीत कुठे कुठे लागलं होतं मला माहीत नाही. आमच्या वसतिगृहाच्या खाणावळीत लागलं होतं. स्वयंपाकवाल्या मावशी त्यावर गॅसची टाकी कधी लावली, दूध कधी आलं नाही, ते पेन्सिलनं लिहायच्या. आईच्या पायांखाली तारखा होत्या. महिनाभर मी भाजी वाढून घेताना तिच्यासमोर उभी राहत होते.

माझ्या खोलीतली मुलगी एकदा म्हणाली, "ही बाई तुझ्यासारखी दिसते गं."

मी म्हणाले, "माझी आईच आहे."

 दुसऱ्या दिवशी माझ्या खाटेवर तिचा एक जुना ड्रेस ठेवलेला होता, इस्त्री करून. तोपर्यंत आम्ही एकमेकींच्या चपला घालायचो, एका ताटात जेवायचो. त्यानंतर तिनं माझं काही कधी मागितलं नाही. ड्रेस मी घातला. थंडी होती.

दर वर्षी संस्थेचा मेळावा व्हायचा. आम्ही मुलं स्टेजवर मनोगत सांगायचो. सर आधी वाचून घ्यायचे, चुका दुरुस्त करायचे. मी एकदा लिहिलं होतं, 'माझी आई वाकळा फार सुंदर शिवते.' सरांनी ते खोडलं नाही, पण म्हणाले, "हे असू दे, पण हे ऐकून कुणाला काही वाटत नाही. वडिलांचं सांग. आणि रडू आलं तर आवरू नकोस." मी वडिलांचं सांगितलं. रडू आलं. टाळ्या वाजल्या. आई खाली सतरंजीवर बसलेली होती, इतर आयांबरोबर. तिनं टाळ्या वाजवल्या की नाही, मी बघितलं नाही.

त्या फोटोनंतर आईनं आपणहून कधी फोटो काढून घेतला नाही.

हे आम्हाला लगेच कळलं नाही. गरिबाच्या घरात फोटो तरी किती निघतात. बाबू मिल्ट्रीत भरती झाला तेव्हा तो गणवेशात घरी आला, मित्रांनी मोबाईल काढले. आई म्हणाली, "दूध उतू जातंय," आणि आत गेली. चुलीवर दूध नव्हतं. बाबूच्या लग्नात फोटोवाल्यानं चारदा सगळ्यांना उभं केलं. पुढे अल्बम आला. त्यात ज्या फोटोत आई आहे त्या प्रत्येक फोटोत ती वाकलेली आहे. काहीतरी उचलते आहे, कुणाच्या पोराचं नाक पुसते आहे, अक्षता गोळा करते आहे. पदर दिसतो. तोंड दिसत नाही.

तोवर मला वडूजला एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली होती. सुट्टीला घरी आले होते. आई दारात बसून वाकळ शिवत होती. ऊन पाठीवर होतं. मी मोबाईल समोर धरला. तिला कळू नये अशा बेतानं धरला होता, पण तिला कळलं.

तिनं सुई वाकळेत खोचली. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साडी बदलू व्हय गं?"

रागानं नाही. टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटलं की फोटो म्हटलं की हे करावं लागतं. लेक शिकली, तिला ठाऊक असेल कोणती साडी लागते. ती उठायलाही लागली होती, गुडघ्यावर हात ठेवून.

मी मोबाईल पिशवीत टाकला. "नको आई. बस." ती बसली. सुई हातात घेतली. त्यानंतर तिच्यासमोर मी कधी मोबाईल धरला नाही. इतकी वर्षं पुस्तकांत राहून मला जे कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. त्या दुपारी त्यांनी तिची फक्त साडी बदलली नव्हती.

आई या पावसाळ्यानंतर गेली. झोपेतच गेली. बाबू सीमेवरून आला. दहाव्याला फोटो लागतो, चौरंगावर, हार घालायला. घरात शोधलं. आधार कार्डावर आई आहे, पण ते कार्ड घामानं आणि घड्यांनी पुसलं होतं. आटपाडीतल्या स्टुडिओवाल्यानं ते मोठं करून बघितलं आणि म्हणाला, "न्हाई जमत, भावा. डाग दिसंल नुसता."

बाबूनं मला न विचारता सरांना फोन केला.

दहाव्याच्या सकाळी ओढ्यावरचं उरकून माणसं अंगणात बसली होती. चौरंग मांडला होता. सर आले. केस पांढरे झालेले, आता ते संस्थेचे मोठे पदाधिकारी आहेत. खास सांगलीहून आले होते. हातात मोठी फ्रेम, चंदनाचा हार. त्यांनी ती स्वतः चौरंगावर ठेवली, हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं.

फ्रेममध्ये रिकामी फळी होती. खांद्यावर फाटलेली साडी. खाली बघणारी, ओठ घट्ट मिटलेली बाई. तळाला संस्थेचं नाव सोनेरी अक्षरांत.

 शेवंताकाकी पुढच्या रांगेत बसली होती. फुलं घेऊन उठली, चौरंगाजवळ गेली, वाकून बघितलं. मग फुलं हातात तशीच धरून वळली.

"ही कुठली बाई आणलीसा?"

कुणीतरी म्हणालं, "आगं काकी, वैनीच हायत."

"माजी वैनी न्हवं ही. माजी साडी नेसून बसली हुती ती त्या दिवशी. चांगल्या घरच्या गरतीवानी दिसत हुती. ह्या बाईला मी वळखत न्हाई." आणि ती फुलं न वाहता जाग्यावर जाऊन बसली.

काकी शाळेत गेलेली नाही. पण हे मी बोलायला हवं होतं, आणि तेही पुष्कळ आधी. मला सगळ्या अंगणासमोर शरम वाटली. फाटक्या साडीची नाही. गावातल्या कुणालाच फाटक्या साडीची शरम नाही, सगळ्यांकडे आहे. शरम याची की आईला शेवटचं बघायला आलेल्या माणसांसमोर तिला पुन्हा त्या फळीखाली बसवलं होतं, आणि भांडी या वेळीही बाहेरच होती.

मी उठले आणि चौरंगावरून फ्रेम उचलली.

बाबू म्हणाला, "आक्का, ठेव ती खाली."

"नाही."

"दुसरा फोटो हाय का तुज्याजवळ?"

"नाही."

"मग?"

"मग नको फोटो."

मी फ्रेम सरांच्या हातात दिली. हार काढून वेगळा दिला. म्हणाले, "सर, हा फोटो तुमचा आहे. तुम्ही घेऊन जा. आणि तुमच्याकडे जिथे जिथे तो लावलाय तिथून काढा."

 ते हळूच बोलले, नेहमीसारखेच मृदू. "असं बोलू नये, बाळ. तू आज जी आहेस ती या फोटोमुळे आहेस."

"हो," मी म्हणाले. "ते खरं आहे."

त्यांना वाटलं मी नमले. मी नमले नव्हते. इतकी वर्षं मला याच वाक्यानं गप्प बसवलं होतं, आणि त्यांनी ते म्हणायचीही गरज नव्हती, मीच मला म्हणत आले होते. आता ते मोठ्यानं ऐकलं तेव्हा त्याचा दुसरा अर्थ समोर उभा राहिला. मला फुकट काहीच मिळालं नव्हतं. माझी फी आईनं भरली होती, त्या दुपारी, पडद्याआड जाऊन. उपकार झाले असतील तर ते तिचे होते.

मी एवढंच म्हणाले, "तुम्ही फी द्यायचीत सर, आणि शिरा खायचा. दोन्ही करता आलं असतं."

सर फ्रेम काखेत धरून गाडीकडे गेले. दुखवट्याच्या घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणत नाही. त्यांनीही म्हटलं नाही. गावातली चार माणसं त्यांना रस्त्यापर्यंत पोहोचवायला गेली, कारण पाहुणा तो पाहुणा.

लोकांनी रिकाम्या चौरंगावर फुलं वाहिली. काकी सगळ्यात आधी उठली.

बाबू रजा संपवून गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही. त्याच्या बायकोनं फोनवर सांगितलं, ते म्हणतात, आमच्या पोराला आजी कशी होती ते दाखवायचं कशात?  संस्थेकडून निरोप आला की फोटो काही ठिकाणी छापला गेलाय, सगळीकडून काढणं शक्य होणार नाही. तेही खरं असेल. कुणाच्या तरी घरी, कुठल्यातरी जुन्या पानावर ती अजून खाली बघत असेल.

कॉलेजात गरजू मुलांना पुस्तकसंच देण्याचा कार्यक्रम दर वर्षी होतो. पाहुणे येतात, मुलं रांगेत उभी राहतात, संच हातात घेऊन कॅमेऱ्याकडे बघतात. या वर्षी मी संच कार्यक्रमाआधीच देऊन टाकले, खिडकीतून, इतर पुस्तकं देते तसेच. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "मॅडम, देणगीदारांना आता काय दाखवू?" मी म्हणाले, "मुलं वाचतायत ते दाखवा." त्यांना ते आवडलेलं नाही. पुढच्या वर्षी हे काम माझ्याकडे राहील असं वाटत नाही. राहिलं तर मी हेच करीन.

आईचा चेहरा मला आठवतो. ओठांचं ते वळण आठवतं. ते काकीलाही आठवतं, बाबूलाही. आमच्यानंतर ते कुणाला ठाऊक असणार नाही. घरात आईचा फोटो नाही, आणि तो लागणार नाही.